डोक्याच्या ऑपरेशनआधी एक ईसीजी काढ

पत्र असं आहे (नावगाव काढलंय, लांब होतं म्हणून आवरतं घेतलंय):

सिस्टर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सून, वय 29, डी.एड. झालं पण नोकरी नाही. सासूबाई 56 च्या. तीन वर्षं झाली, त्यांच्या घशात डाव्या बाजूने जिभेच्या मुळाशी करंट लागल्यासारखी चमक निघते आणि थेट कानात जाते. गिळताना, जांभई देताना, कधी नुसतं बोलताना. अर्धा-एक मिनिट, मग एकदम बरं. दोन दाढा काढून झाल्या, वर्षभर अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, दोन वर्षांमागे कान-नाक-घशाच्या डॉक्टरने दुर्बीण टाकून पाहिलं, काही निघालं नाही. शेवटी शहरातल्या एका न्यूरोसर्जनने नाव सांगितलं, ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जिया. कार्बामाझेपिन गोळी दिली. तिने झोप येते, गरगरतं आणि दुखणं काही थांबत नाही, म्हणून आता दुखलं की तेवढी एक खातात. डॉक्टर म्हणतात गोळीने फरक नसेल तर कानामागून उघडून डोक्याचं ऑपरेशन. खर्च ऐकून घरात एक एकर वावर काढायची गोष्ट चालू आहे. मामेसासरे म्हणतात डोक्याला हात लावू नका, हे मनाचं आहे, टीव्ही पाहताना काऊन नाही दुखत. बाजूच्या गावात एक जण कानामागे डाग देतो, तिकडे न्यायचं चाललंय. मध्ये एकदा जेवता जेवता चक्कर येऊन त्या चुलीजवळ पडल्या, बीपीमुळे असेल. रात्री म्हणतात, देवा आता ने. मी सून, माझं कोण ऐकतं, पण ताट मीच वाढते आणि तसंच भरलेलं परत येताना मीच पाहते. ऑपरेशन करावं की नाही?

बाई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा एका ओळीवर थांबली. जेवता जेवता चक्कर येऊन पडल्या, बीपीमुळे असेल. वावर, मामा, डागवाला, ऑपरेशन या सगळ्या गर्दीत ती ओळ तू अशी टाकून दिली जशी किराण्याच्या चिठ्ठीत सगळ्यात शेवटी काडीपेटी लिहितो. माझ्या हिशेबाने पत्राची सुरुवात तिथून व्हायला पाहिजे होती, म्हणून मीही तिथूनच सुरू करते आणि ऑपरेशनवर सावकाश येते.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या असतात. सासूबाईंची जी बिघडली ती नववी, जीभेचं मूळ, टॉन्सिलची जागा, घसा आणि कानाचा आतला भाग या सगळ्याची खबर मेंदूला देणारी. म्हणूनच दुखतं घशात आणि चमक जाते कानात, त्यात काही गूढ नाही, वायर एकच आहे. आता या नवव्या नसेच्या अगदी शेजारी दहावी नस निघते, वेगस म्हणतात तिला, आणि ती खाली हृदयापर्यंत जाते, हृदयाचा वेग कमी करायचं काम तिच्याकडे आहे. काही पेशंटमध्ये नवव्या नसेत करंट उठला की त्याचा धक्का दहावीला बसतो, ठोके एकदम मंद होतात, कधी काही सेकंद थांबतात, बीपी पडतं आणि माणूस खाली. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतं. पण ज्यांना होतं ते चमक उठली की पडतात, चमक बऱ्याचदा घास गिळताना उठते, आणि तुझ्या सासूबाई जेवतानाच पडल्या.

तसंच असेल असं मी म्हणत नाही. गोळीची गरगर असू शकते, दिवसभर पोटात काही नाही म्हणून असू शकते. पण हे पाहिल्याशिवाय पुढचं काहीच ठरवू नका. ईसीजी ग्रामीण रुग्णालयात निघतो, पाच मिनिटांचं काम आहे. मात्र दुखत नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटलो असं होत नाही, म्हणून 24 तास छातीला लावून ठेवायची मशीन असते, होल्टर म्हणतात, ती लावून घ्यायची आणि ती लावलेली असताना सासूबाईंनी दोन वेळ नीट जेवायचं, दुखलं तरी, कारण दुखतानाचेच ठोके पाहायचे आहेत. तोपर्यंत त्यांना चुलीपाशी, विहिरीवर, नदीवर एकटं पाठवू नका. गाडीवर मागे बसल्या तर त्यांच्या मागे आणखी कोणी धरून बसणारं नसेल तर एसटीने जा. परत पडल्या तर सपाट झोपवा, पाय उशीवर उंच करा, तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवायच्या भानगडीत पडू नका, आणि लगेच शुद्धीवर आल्या नाहीत तर 108 ला फोन.

ईसीजी आधी काढ म्हणते त्याचं आणखी एक कारण आहे. कार्बामाझेपिन हृदयाच्या आतल्या वायरिंगला, म्हणजे ठोक्याचा सिग्नल वरून खाली जातो त्याला, आणखी मंद करू शकते. कोणाला आधीच हार्ट ब्लॉक असला (रक्तवाहिनीतला नाही, सिग्नलमधला) तर ही गोळी चालत नाही. म्हणजे गोळी वाढवायची की बदलायची हेसुद्धा त्या पाच मिनिटांच्या कागदावर अवलंबून आहे.

आता गोळी.

तू लिहिलं गोळीने फरक नाही. आणि दोन शब्द पुढे लिहिलं, दुखलं की तेवढी एक खातात. बाई, मग गोळी दिली कुठे अजून? ही डोकेदुखीची गोळी नाही, पॅरासिटामॉलसारखी खाल्ली आणि अर्ध्या तासात उतरली अशी. ही मुळात फिटची गोळी आहे. 1962 पासून ती चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यात वापरतात आणि त्याच धर्तीवर घशाच्या नसेत. नस उगाच ठिणग्या मारत राहते ते ही गोळी दाबून ठेवते, आणि त्यासाठी ती रक्तात चोवीस तास एका पातळीवर असावी लागते. दुखलं की एक, नाही दुखलं तर नाही, असं केलं तर त्रास सगळा मिळतो आणि गुण काहीच नाही. चमक तर मिनिटभरात आपोआप जाते, गोळी पोटात विरघळायच्या आतच, मग गोळीने गेली की तशीच गेली हे कळणार कसं?

माझी 31 वर्षं नोकरी झाली त्यात ही एक गोष्ट मी इतक्यांदा पाहिली की आता राग पण येत नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 1-0-1 आणि पेशंटला कोणी सांगतच नाही की हे रोज आहे, महिने-महिने आहे. मेडिकलवाला पाकिटावर दोन रेघा मारून देतो, झालं.

नीट द्यायची म्हणजे कशी ते सांगते, डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. लहान डोसपासून सुरू करतात, दर काही दिवसांनी थोडी वाढवतात, चमक थांबेल किंवा त्रास सोसणार नाही तिथपर्यंत. पहिल्या दोन आठवड्यांची झोप आणि गरगर बऱ्याच जणांची नंतर कमी होते, आणि एकदम मोठ्या डोसपासून सुरू केलं तर जास्त होते. म्हणून मला आधी हे जाणून घ्यायचंय की सासूबाईंना पहिल्याच दिवसापासून किती दिली होती. चिठ्ठी काढून बघ. आणि रोज चालू झाली की मनाने एका दिवसात बंद करायची नाही, बंदसुद्धा पायरीपायरीने होते. एकच अपवाद. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, सोबत ताप, यातलं काही पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र काढायची नाही. क्वचित होतं पण झालं तर जिवावरचं असतं. काही डॉक्टर त्यासाठी सुरू करण्याआधी एक जीनची रक्ततपासणी सांगतात, सांगितली तर टाळू नका.

रक्तात आणखी तीन गोष्टी बघायच्या: पेशी, लिव्हर आणि सोडियम. सोडियमवर मी अडून बसते कारण तू बीपी लिहिलंस, म्हणजे सासूबाईंना त्याची गोळी चालू असणार. त्या गोळीच्या पाकिटावर नावामागे एच लिहिलेला आहे का बघ. असला तर बहुतेक त्यात लघवी वाढवणारं औषध आहे, ते पण सोडियम कमी करतं आणि कार्बामाझेपिन पण करतं, दोन्ही मिळून बाई भ्रमिष्टासारखी बोलायला लागते, पाय लटपटतात, आणि घरचे म्हणतात वय झालं. वय काही झालं नाही, 56 म्हणजे काय वय आहे. शिवाय काही बीपीच्या गोळ्यांचा जोर कार्बामाझेपिन कमी करते, म्हणून दोन डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची, हे मला परत परत लिहावं लागतं कारण कोणीच दाखवत नाही.

समजा नीट देऊनही ही गोळी सोसली नाही, तरी थेट ऑपरेशन नाही येत. तिची बहीण आहे ऑक्सकार्बाझेपिन, बऱ्याच जणांना ती जास्त सोसते (सोडियम मात्र ती जास्त पाडते). गॅबापेन्टिन आहे, प्रीगॅबालिन आहे, कधी दोन थोड्या-थोड्या एकत्र देतात. जेनेरिक सगळ्यांच्या मिळतात, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात, फक्त दर महिन्याला वेगवेगळ्या कंपनीची घेत राहू नका, एक धरली की तीच धरा.

मामेसासऱ्यांचं आता बघू. टीव्ही पाहताना काऊन दुखत नाही म्हणतात ना, तर हीच या रोगाची ओळख आहे. चमक काही सेकंद ते दोन मिनिटं राहते, मधल्या वेळात माणूस ठणठणीत, आणि ती उठते गिळलं, खोकलं, जांभई आली, बोललं की. टीव्ही पाहताना बाई गप्प बसलेली असते म्हणून दुखत नाही. त्यांना सांग की टीव्ही बघता बघता सासूबाईंना थंड पाणी द्या आणि मग बघा. (नको देऊ, बोलायची पद्धत आहे.) उलट दुखणं चोवीस तास सारखं, दोन्ही बाजूंनी, जळजळ असलेलं असतं तर मी म्हटलं असतं की नाव चुकलंय, दुसरं काही शोधा.

नाव बरोबर आहे का हे शोधणं मात्र बाकी आहे आणि तिथे तुम्ही घाई केली असं मला वाटतं. दोन वर्षांमागची दुर्बीण आज चालत नाही. तू लिहिलं नाही पण मी विचारते, सासूबाई तंबाखू-चुना खातात का, खर्रा, गुडाखू? आपल्याकडे बाया खातात आणि डॉक्टरसमोर नाही म्हणतात, सून सोबत असली तर हमखास नाही म्हणतात. एका बाजूचा घसा दुखणं आणि त्याच बाजूचा कान दुखणं हे जिभेच्या मुळाच्या आणि टॉन्सिलच्या कॅन्सरमध्येही होतं. वजन उतरतंय, मानेत गाठ लागते, आवाज बसला, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, जखम तीन आठवड्यात भरत नाही, यातलं काही असो की नसो, दुर्बीण परत एकदा होऊ द्या. घाबरवत नाही, पण कॅन्सर नाही हे पक्कं झाल्याशिवाय वर्षानुवर्षं नसेच्या गोळ्या खाणं हा आंधळा कारभार आहे. 1910 मध्ये फिलाडेल्फियाच्या वायझेनबर्ग डॉक्टरांनी या दुखण्याचा पहिला पेशंट लिहून ठेवला, त्याला सहा वर्षं चेहऱ्याच्या नसेचा रोग समजून उपचार चालले होते आणि शेवटी त्या नसांच्या मुळाशी गाठ निघाली. तेव्हा एमआरआय नव्हता. आता आहे.

त्या तपासणीच्या वेळी आणखी दोन गोष्टी विचारा. एक, टॉन्सिलच्या जागी बधिर करायचा स्प्रे मारून बघता का. मारल्यावर तासभर गिळताना चमक आली नाही तर नववी नस असल्याचा संशय पक्का होतो. हा स्प्रे घरी आणून मारायचा नाही, घसा बधिर असताना घास श्वासनळीत जातो. दोन, कानाखाली आत एक काडीसारखं हाड असतं, स्टायलॉइड, साधारण अडीच सेंटिमीटरचं, काहींचं तीनच्या वर वाढतं आणि ते या नसेला टोचतं, ईगल नावाच्या डॉक्टरने 1937 मध्ये दाखवलं म्हणून ईगल सिंड्रोम. ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं, कधी टॉन्सिलच्या जागी बोट दाबलं तरी लागतं. तसं निघालं तर ऑपरेशन डोक्याचं नाही, घशातून किंवा मानेतून ते हाड कमी करायचं, कान-नाक-घशाचे डॉक्टर करतात. आता सांग, हे न बघता वावर विकलं असतं तर? पण हाड लांब दिसलं म्हणून तेच कारण असंही नाही, कित्येकांचं लांब असतं आणि काही दुखत नाही.

एमआरआय झाला असेल तर कुठला झाला ते बघ. मेंदूचा साधा एमआरआय नॉर्मल आला याचा अर्थ फक्त मोठी गाठ वगैरे नाही एवढाच. नसेवर रक्तवाहिनी टेकली आहे का हे बघायला बारीक कापांचा वेगळा भाग घ्यावा लागतो, फिएस्टा किंवा सिस म्हणतात, मशीनच्या कंपनीप्रमाणे नाव बदलतं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या, नाहीतर एमआरआय दोनदा होतो आणि पैसे दोनदा जातात.

आता ऑपरेशन. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधी ऐकून घे, कारण इथपर्यंत वाचून घरचे म्हणतील सिस्टर पण नाही म्हणाल्या. गोळ्या नीट देऊन, बदलून, तपासण्या होऊन बाई जेवूच शकत नसेल आणि रक्तवाहिनी नसेवर टेकलेली दिसत असेल तर हे चांगलं ऑपरेशन आहे, आणि ठोके थांबत असतील तर ते लवकर करायची पाळीही येऊ शकते. पूर्ण भूल देऊन कानामागे कवटीला लहानशी खिडकी करतात, सूक्ष्मदर्शकाखाली ती टेकलेली रक्तवाहिनी बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनची बारीक गादी ठेवतात, आपण दोन घासणाऱ्या वायरींमध्ये टेपचा तुकडा घालतो तसं समज. मेंदू कापत नाहीत. बहुतेक पेशंटला यात मोठा आराम पडतो, काहींचं दुखणं वर्षांनी परत येतं. काही वेळा सर्जन नववी नस आणि दहावीचे वरचे धागे कापतातही, तेव्हा ती बाजू बधिर होते.

धोके लेखी विचारा. आवाज घोगरा होणं, गिळताना ठसका लागणं, त्या बाजूचं ऐकू कमी येणं, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, इन्फेक्शन, क्वचित पॅरालिसिस. सर्जनला सरळ विचारायचं, डॉक्टरसाहेब, घशाच्या या नसेची तुम्ही स्वतः किती ऑपरेशनं केली. हा रोग दुर्मिळ आहे, चेहऱ्याच्या नसेची करणारे पुष्कळ मिळतील, याची करणारे कमी. असं विचारल्याने चांगला सर्जन रागावत नाही.

मधले रस्ते पण आहेत. मानेतून नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन देतात, आराम काही दिवस-आठवड्यांचा, आणि तिथेच मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी असल्यामुळे मशीनमध्ये बघून देणाऱ्याकडूनच घ्यायचं, वेदनेचे स्पेशालिस्ट असतात त्यांच्याकडून. रेडिओफ्रिक्वेन्सीने नस भाजतात. गामा नाइफ म्हणजे न कापता किरणांचा मारा, त्याचा गुण यायला आठवडे-महिने लागतात आणि पुढे दुखणं परत येऊ शकतं. ऑपरेशन न सोसणाऱ्या पेशंटसाठी हे रस्ते धरतात. सासूबाई धडधाकट आहेत, पऱ्हाटी निंदणारं शरीर आहे, त्यांना कुठला योग्य हे एकट्या सर्जनला विचारू नका. तुम्ही थेट सर्जनकडे गेलात, मध्ये न्यूरोफिजिशियन राहिला, म्हणजे नसांचा औषधवाला डॉक्टर. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानचं एम्स आहे, तुमच्या बाजूने वर्ध्याकडची सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं जवळ पडतात. जायच्या आधी फोन करून ओपीडीचा वार विचारून घ्या, नसांचे डॉक्टर रोज बसतीलच असं नाही आणि सकाळची गाडी पकडून संध्याकाळी हात हलवत परत आलेले मी वॉर्डात कमी नाही पाहिले.

वावर. एक एकर काढायच्या आधी एकदा ज्या दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि विचारा, हे ऑपरेशन तुमच्या यादीत बसतं का, याच दवाखान्यात बसतं का. भरती व्हायच्या आधी मंजुरी घ्यावी लागते, नंतर बिल घेऊन गेलात तर काही होत नाही. टोल फ्री 155388. खरेदीखत नंतरही होईल, घेणारा कुठे पळून जात नाही, पडेल भावात घ्यायला तर तो बसूनच आहे.

डागवाल्याचं एका वाक्यात सांगितलं असतं पण तीन वर्षं मी मेळघाटाकडे होती, लहान लेकरांच्या पोटावर तापल्या विळ्याचे डंबे, म्हणजे डागच, घेऊन आया यायच्या, पोट फुगलेलंच आणि वरून जखम पिकलेली. कानामागे डाग दिल्याने आतली नस बदलत नाही, उलट ज्या जागेतून उद्या ऑपरेशन करायचं तिथलीच कातडी जळून जाते. मामांना हेच सांग, डोक्याला हात लावू नका म्हणता आणि डोक्यालाच डाग देता. अंगारा लावायचा असेल तर लावा, देवीला जायचं तर जा, त्याने गोळीला काही बाधा नाही.

आणि ते देवा आता ने. आपल्याकडे म्हाताऱ्या बाया हे दिवसातून चारदा म्हणतात आणि आपण हसून सोडतो. इथे सोडू नको. तीन वर्षं घास गिळायची भीती असलेला माणूस खरंच थकतो. दुपारी दोघीच असताना सरळ विचार, आई, जीव द्यावा असं मनात येतं का. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. फवारणीचं औषध ओट्यावर पडलेलं असेल तर कुलपात टाक आणि चावी तुझ्याकडे ठेव. हो म्हणाल्या तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तूही बोलू शकतेस. डॉक्टरने उदासीची गोळी दिली तर मामा म्हणतील बघा, मनाचंच निघालं. दुखण्याने मन मोडतं, मन मोडल्याने घशात करंट उठत नाही, त्यांना एवढं पुरे.

आता तुझं, माझं कोण ऐकतं. मला हे पटत नाही. घरात प्रत्येकाचं मत आहे पण माहिती तुझ्याकडे आहे. ताट तू वाढतेस. वहीचं एक पान घे आणि सात दिवस लिही: किती वाजता चमक आली, काय गिळताना, किती सेकंद (मोबाइलमध्ये मोज), डावीकडेच की दुसरीकडे पण, डोळ्यापुढे अंधारी आली का, गोळी किती वाजता घेतली. वजन कर, आशाताईकडे काटा मिळेल. एकदा चमक येताना सासूबाईंना विचारून मोबाइलवर व्हिडिओ काढ, त्या डोळे मिटून हात कानावर दाबतात ना, डॉक्टरला तो अर्धा मिनिट दाखव. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात मामा आणि नवरा मिळून तीन वर्षांची कहाणी सांगतील त्यापेक्षा ते पान आणि तो व्हिडिओ जास्त बोलतील. आमच्या वॉर्डात एक गुरुजी होते, हाच रोग, चार दाढा काढून आलेले, त्यांची बायको निरक्षर, ती भिंतीवर कोळशाने रेघा मारायची, एक चमक एक रेघ, आणि नातू ते मोजून आम्हाला सांगायचा. डॉक्टरांनी गोळी त्या रेघांवरून बसवली.

आणि एक माणूस राहिलाच. सगळ्या पत्रात घरचे काय म्हणतात, मामा काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणतात सगळं आहे, सासूबाई काय म्हणतात ते नाही, देवा आता ने सोडून. त्यांना विचारलं का कोणी की ऑपरेशन पाहिजे का? घोगऱ्या आवाजाला त्या तयार आहेत का, की गोळीची सुस्ती बरी? रात्री सगळे अंगणात बसले की तूच विचार, आणि बोलताना चमक येत असेल तर त्यांना मानेने हो-नाही करू दे, घाई करू नका.

तोपर्यंत जेवण कोमट, मऊ. ज्वारीची आंबील, कण्या, पातळ वरण-भात, माठातलं गार पाणी नको, जेवताना कोणी त्यांना बोलायला लावायचं नाही. घास दुखत नसलेल्या बाजूने, मान थोडी उजवीकडे कलवून गिळून बघू दे, जमलं तर जमलं.

सोमवारी ईसीजी. होल्टरची मशीन लावली की ती काढेपर्यंत अंघोळ करता येत नाही, म्हणून सकाळी घरून निघायच्या आधीच सासूबाईंना न्हाऊ घाल, आणि पुढून बटणाचं पोलकं घालायला सांग.